वाडा पाडू नका, उतरवा

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांमधल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात आणि घाईघाईने जेसीबी आणला जातो. जागा लगेच मोकळी होते, पण सागवानी तुळया मोडतात, कौलांचा चुरा होतो आणि सगळे राडारोड्यात मिसळून डंपरमधून जाते. हेच काम हाताने केले तर बराचसा माल पुन्हा वापरता येतो.

क्रम बांधकामाच्या उलटा. वीज-पाणी तोडून दारे-खिडक्या काढल्या की कौले आढ्यापासून खाली, दोन्ही उतारांवरून सारखी उतरवावीत. मंगलोरी कौल बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद वाजले तर त्याला तडा आहे. कौले उभी रचावीत, आडवी रचली की खालची फुटतात.

कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांच्या मजल्यावर, मातीचा जाड थर असतो. तो घमेल्यांनी उतरवल्याशिवाय एकही कडी हलवू नये. भार असताना कडी सुटली की पाटासकट माणूस खाली येतो.

खरे नुकसान होते ते सांध्यावर. खांबाचे कुसू, म्हणजे टोकाला कोरून काढलेला बारीक भाग, तुळईच्या खाचेत बसवलेले असते. पहार घालून आडवे उचकटले की कुसू मुळातून मोडते आणि शंभर वर्षांचा साग जळणाच्या भावात जातो. तुळईला आधी खालून टेकू द्यावा, लाकडी खुंटी उलट्या बाजूने ठोकून काढावी आणि तुळई सरळ वर उचलावी. खांबाचा बुडखा ओलीने कुजलेला असतो. तेवढा कापला की वरचे लाकूड बहुधा ठणठणीत निघते. खिळे मात्र चुंबक फिरवून शोधावेत. एक राहिला तरी वखारीतल्या करवतीचे पाते जाते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

माती-चुन्यातल्या विटा अखंड सुटतात, सिमेंटमध्ये वीटच फुटते. जोत्यालगतच्या लोणा लागलेल्या (क्षार फुटलेल्या) विटा घेऊ नयेत, नव्या भिंतीचा गिलावा त्या फुगवतात.

पाडकामाचा ठेका उक्ता, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून दिलेला असतो, त्यामुळे ठेकेदाराचा फायदा दिवस वाचवण्यात. पाडकामाचा माल वेगवेगळा ठेवण्याचे 2016 च्या केंद्रीय नियमांत सांगितले होते, पण यंत्राने एकत्र केलेला ढीग नंतर कोण निवडणार? म्हणून छप्पर आणि लाकूडकाम हाताने उतरवण्याची अट महापालिकेने पाडकामाच्या परवानगीतच घालावी. लाकूड कोणाचे, हे मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांच्या करारात आधीच लिहावे. आणि नोटिसा मे महिन्यात नकोत, दिवाळीनंतर लगेच द्याव्यात. छप्पर काढलेल्या मातीच्या भिंती जोराच्या पावसात बसतात, शेजारच्या वाड्यालाही घेऊन.

— एक वाचक, पुणे