आजीची आठची गोळी

ती. बाबांस,
सा. न.

मंगळवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "हा बॉट तू घरी ठेवलायस म्हणजे नेमका कुठे?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. (बॉट म्हणजे आपल्याशी आपोआप निरोपांतून बोलणारा प्रोग्रॅम.) आता नीट लिहिते.

माझ्या पुस्तकांच्या फळीवर, राउटरशेजारी, पत्त्यांच्या कॅटएवढा एक रास्पबेरी पाय नावाचा छोटासा संगणक असतो. आजीला गोळीची आठवण करणारा तो हाच. त्यात पायथन या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या जेमतेम दीडशे ओळी आणि वेळापत्रकाची एक एसक्यूलाइट फाइल, म्हणजे नोंदींची छोटी वही. अक्कल म्हणाल तर शून्य. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी केलेली एलायझा, गप्पा मारणारा एक जुना प्रोग्रॅम, निदान समोरच्याचे शब्द फिरवून त्यालाच प्रश्न विचारायची. आपल्याला तेवढंही नको. वेळ झाली की बोल, एरवी गप्प बस.

सुरुवात पाच मिनिटांची. टेलिग्राम या निरोपांच्या अ‍ॅपवर, जिथे आपला ग्रुप आहे, बॉटफादर नावाचा बॉट आहे, त्याला नाव सांगितलं की तो टोकन देतो, म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक माळ. टोकन ज्याच्या हाती, बॉट त्याचा. म्हणून ते प्रोग्रॅममध्ये न लिहिता वेगळ्या फाइलीत ठेवलंय. फुटलंच तर बॉटफादरकडूनच रद्द करून नवं घेता येतं.

मला भीती होती की निरोप आत यायचे तर घरच्या वायफायला बाहेरून वाट करून द्यावी लागेल. तसं काही नाही. पोस्टमनची वाट न बघता आपणच पोस्टाच्या खिडकीशी जाऊन उभं राहावं, तसा बॉट टेलिग्रामच्या सर्व्हरला विचारतो, "काही आलंय का?" नसेल तर सर्व्हर थोडा वेळ लाइन धरून ठेवतो, आलं की लगेच देतो. याला लाँग पोलिंग म्हणतात. फक्त पुढच्या वेळी विचारताना मिळालेल्या निरोपाच्या क्रमांकात एक मिळवून सांगावा लागतो, नाहीतर तोच निरोप परत हातात पडतो. मी ते विसरले. तुम्ही चाचणीला एकदाच 'स्टार्ट' पाठवलंत आणि बॉट रात्रभर 'नमस्कार' घालत बसला. त्या रात्री तुम्ही ग्रुप म्यूट केलात, ताईने सांगितलं मला.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. आजीची सकाळी आठची आठवण दुपारी दीडला आली. मशीनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपली वेळ साडेपाच तास पुढे, आणि मी सरळ आठ लिहून मोकळी! आता वेळापत्रक थेट भारतीय वेळेला बांधलंय. मी इथे कुठल्या वेळेत जागी आहे याच्याशी त्याचा संबंध उरला नाही.

आजी म्हणते, "मी 'घेतली' लिहिलं तरी मेला विचारतोच." त्यात तिचं काही चुकलं नाही. ग्रुपमध्ये बॉटला मुळात आपल्या गप्पा दिसत नाहीत. तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञा आणि त्याच्याच निरोपाला दिलेली उत्तरं, एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. ही मर्यादा काढता येते, मी मुद्दाम काढली नाही. त्याऐवजी निरोपाखाली 'घेतली' असं बटण दिलंय. आजीला म्हणावं, लिहू नकोस, फक्त दाब.

तुम्ही विचाराल, "मग हे कोण वाचतं?" त्याचं उत्तर: वेळापत्रक आणि नोंदी माझ्या फळीवर आहेत, पण निरोप जातात टेलिग्रामच्याच सर्व्हरवरून, आणि बॉटशी होणारं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त दोन टोकांनाच वाचता येईल असं कुलूपबंद, नसतं. म्हणून औषधांची नावं कुठेच घातली नाहीत. 'सकाळची पांढरी' इतकंच.

प्रोग्रॅम कोसळला तर सिस्टमडी, म्हणजे त्या संगणकातलं प्रोग्रॅमांवर लक्ष ठेवणारं साधन, तो पुन्हा उठवतं. वीज जाऊन आली की रास्पबेरी पायही आपोआप चालू होतो. पण माझं इंटरनेटच गेलं तर बॉट मुका होतो, आणि तो मुका झालाय हे तुम्हाला कोण सांगणार? म्हणून आजीच्या फोनमधला गजर काढू नका. शिवाय तुमच्या घड्याळात रात्री नऊला बॉट 'जागा आहे' असं लिहील. ते आलं नाही, तर मला फोन करा. इकडे पहाट असली तरी करा.

तुमची,
धाकटी