संकलनाचे सॉफ्टवेअर कुणासाठी, हे आधी ठरवावे

महोदय,

मी गेली २५ वर्षे अंधेरी आणि गोरेगावच्या एडिट रूममध्ये संकलक म्हणून मालिका आणि माहितीपटांचे काम करीत आहे. व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरची तुलना करणारे लेख हल्ली तंत्रज्ञानाच्या सदरांतून वारंवार वाचायला मिळतात. त्यांत हौशी माणूस आणि व्यावसायिक यांना एकाच तक्त्यात बसवून सुविधांची संख्या मोजली जाते, आणि ज्याच्या खात्यात सुविधा अधिक ते श्रेष्ठ ठरते. या पद्धतीने हौशी माणसाचे फार नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने चिपळूणजवळच्या गावी जाऊन आपल्या आईच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर चित्रित केल्या. त्यांचा तासाभराचा व्हिडिओ घरच्या लोकांसाठी तयार करावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ज्या क्लासमध्ये त्या शिकायला गेल्या, तिथे त्यांना ‘इंडस्ट्रीत हेच चालते’ असे सांगून दरमहा पैसे भराव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर बसवण्यात आले. मध्ये आईच्या आजारपणात तीन महिने कामाला हात लागला नाही, म्हणून त्यांनी वर्गणी थांबवली. पुन्हा बसल्या तेव्हा फुटेज हार्ड डिस्कवर सुरक्षित होते, पण चाळीस-पन्नास संध्याकाळी बसून लावलेले कट ज्या प्रोजेक्टमध्ये, म्हणजे संकलनाच्या फाइलमध्ये, होते तो नव्याने पैसे भरल्याशिवाय उघडता येईना. वर्गणी थांबली की असे होते, हे त्यांना क्लासमध्ये कुणीही सांगितले नव्हते.

‘इंडस्ट्रीत हेच चालते’ या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. व्यावसायिक संकलक एकटा काम करीत नाही. त्याचा कट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्के ठरल्यावर, तो साउंडकडे, कलर ग्रेडिंगकडे (रंग जुळवण्याकडे) आणि व्हीएफएक्सकडे (दृश्य परिणामांकडे) जातो आणि तिथे प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतले एकेक चित्र, जागच्या जागी उघडावी लागते. ॲव्हिड मीडिया कंपोझर हे व्यावसायिक संकलनाचे सॉफ्टवेअर १९८९ पासून आजतागायत टिकून आहे, याचे मोठे कारण हेच आहे, कारण एकाच प्रोजेक्टवर अनेक संकलक बसले तरी एकाने उघडलेला बिन (क्लिप आणि कट ठेवायचा कप्पा) दुसऱ्यासाठी लॉक राहतो आणि कुणाचे काम कुणावर चढत नाही. याउलट, ॲपलने जून २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स हे संकलनाचे नवे सॉफ्टवेअर आणले तेव्हा त्यात जुन्या फायनल कटचे प्रोजेक्ट उघडत नव्हते, साउंडकडे पाठवण्याच्या फाइल निघत नव्हत्या आणि मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र कापण्याची सोय, तीही नव्हती. पुढे या त्रुटी बऱ्याच अंशी दूर झाल्या. मल्टिकॅमची सोय तर २०१२ च्या जानेवारीतच परत आली. पण मधल्या काळात अनेक व्यावसायिक तिथून उठून दुसरीकडे गेले. आमच्या शिक्षिकाबाईंना यातली एकही अडचण कधी येणार नव्हती, कारण त्यांचे काम त्यांच्याच टेबलावर सुरू होऊन तिथेच संपणार होते.

पैशाचा विचारही असाच वेगवेगळा करावा लागतो. ॲडोबीने २०१३ मध्ये प्रीमियर प्रो हे आपले संकलनाचे सॉफ्टवेअर कायमचे विकत देण्याची पद्धत सोडून वर्गणीची पद्धत स्वीकारली. माझ्यासारख्या माणसाला ती परवडते, कारण तो खर्च बिलात वसूल होतो आणि ॲडोबीच्याच आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशन-इफेक्टच्या सॉफ्टवेअरशी असलेली सांगड रोज उपयोगी पडते. हौशी माणूस मात्र दोन महिने काम करतो आणि चार महिने थांबतो. त्याने एकदाच पैसे भरावे लागतील असे किंवा संपूर्ण मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. मित्राच्या पेनड्राइव्हवरून ‘क्रॅक’, म्हणजे पैसे न भरता चालणारी बेकायदा प्रत, आणू नये, कारण ती चोरी आहे आणि त्यासोबत व्हायरसही येऊ शकतो.

मोफत पर्यायांत दा विंची रिझॉल्व्हइतके समर्थ दुसरे काही मला दिसत नाही. मुळात हे कलर ग्रेडिंगचे महागडे यंत्र होते. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पुढे त्याची मोफत आवृत्ती काढली, ज्यात आज संकलन, रंग, ध्वनी आणि व्हीएफएक्स एकाच छताखाली आहेत. घरगुती कामाला 4के (चित्राची स्पष्टता, फुल एचडीच्या चौपट) पुरेसे असते आणि तेवढे ते मोफत देते. पण त्याला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते, आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरील मोफत आवृत्तीत मोबाइलच्या नेहमीच्या एमपी४ फाइल उघडत नाहीत, हे तुलना करणाऱ्यांनी ठळकपणे लिहायला हवे. जुन्या लॅपटॉपवर मी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट सुचवतो. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत आणि दोन्हींत प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून काम करता येते. ज्याच्याकडे मॅक आहे त्याने आधी ॲपलचेच साधे आयमूव्ही वापरावे. ते अपुरे पडले तरच एकदा पैसे भरून फायनल कट प्रो घ्यावे.

सॉफ्टवेअरवर येणारा दोष पुष्कळदा त्याचा नसतोच. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करीत राहतो, त्यामुळे वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज दहा मिनिटांनी ओठांशी जुळेनासा होतो. शिक्षिकाबाईंच्या ओव्यांचेही तेच झाले होते. सेकंदाला ३० आणि २९.९७ फ्रेम एवढाच फरक असला तरी तासाभरात ३.६ सेकंदांचे अंतर पडते. हँडब्रेक या मोफत साधनाने फाइल आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये आणल्यास ही अडचण बहुतेक वेळा मिटते. क्लासच्या पहिल्या दिवशी हे शिकवायला हवे.

या तुलनांत एक गोष्ट मला आजवर कुठेही आढळली नाही, ती म्हणजे देवनागरीची परीक्षा. प्रीमियर प्रोमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई आणि मध्य-पूर्वेच्या लिपींसाठीचा पर्याय निवडला नाही, तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण जुन्या, युनिकोड (सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये अक्षरे टंकतात आणि तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की वाचता येत नाही. मराठी वृत्तपत्राने केलेल्या तुलनेत ही चाचणी पहिली असावी, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी प्रत्येक सॉफ्टवेअरच्या टायटलमध्ये ‘निर्मिती’, ‘कीर्ती’, ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘जात्यावरच्या ओव्या’ एवढेच शब्द टंकून ते कसे दिसतात, याचे चित्र लेखासोबत छापावे.

आपला,
एक संकलक, गोरेगाव (पूर्व), मुंबई