पुढच्या दाराची आगळ

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर पुढच्या दाराच्या नव्या कुलपाचा विषय काढला की बाबा 'बरं बरं' म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहूनच कळवते. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोंड्याहून कुलूपवाला येईल. त्याला चहा पाजून परत पाठवू नका. पैसे मी आगाऊ दिलेत.

बाबा, आजोबांनी करून घेतलेल्या फणसाच्या दाराला कोण हात लावतो ते बघतो, असं तुम्ही म्हणणार. हे मी त्याला आधीच सांगितलंय. दार कोरून आत बसवायचं कुलूप नकोच म्हटलं. हे नवं कुलूप आतल्या बाजूने फळीच्या वरून बसतं. बाहेरून चावी लावायला दहाच्या नाण्याहून थोडं मोठं एक भोक, बस्स. आपलं दार दोन फळ्यांचं, त्यामुळे डाव्या फळीला वर-खाली पक्क्या खिट्ट्या हव्यात; ती फळी हलती राहिली तर उजवीकडचं कुलूप नुसतं शोभेचं. ते भारी पितळी कुलूप अजून पंचवीस वर्षं चालेल हे खरं, पण ज्या कोयंड्यात ते अडकतं तो चार इवल्याशा स्क्रूंवर लोंबतोय. शिवाय बाहेर कुलूप लटकलेलं दिसलं की घरात कोणी नाही अशी दवंडीच. आणि तुळशीमागच्या कोनाड्यातली चावी तर पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालासुद्धा ठाऊक आहे.

पावसात दार फुगतं, रंधा मारून घ्यायचा का, असं त्याने विचारलं होतं. मी नको म्हटलं. आत्ता तासलं तर वैशाखात फटीतून उजेड येईल. त्यापेक्षा कुलपाचा दांडा जिथे शिरतो ते घर थोडं मोकळं ठेवायचं. शिगम्याच्या सुमारास तो परत येऊन बघून जाईल. आणि बाबा, कुलपात खोबरेल सोडायचं नाही. तेलावर धूळ बसते, चावी आणखी अडते. ग्रॅफाइटची पूड तो देऊन जाईल.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगून ठेवली. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप नको. नाहीतर तू अंगणात जास्वंदी काढायला जाशील, वारा येईल आणि गॅसवर दूध. हे चावी फिरवली तरच लागतं. आतून चावी लागतच नाही, मूठ आहे. तुझ्या दुखऱ्या अंगठ्याला जड जाणार नाही अशी बघ, आणि जड गेली तर त्याच्यासमोरच सांग. तो गेल्यावर मला नको सांगूस.

इथवर सगळं चोरांच्या नावाने लिहिलं. महालसेच्या देवळातल्या घंटेखाली उभं केलंत तर मात्र खरं सांगावं लागेल. मला चोरांची एवढी भीती नाही. आपल्याकडे नेण्यासारखं काय आहे, आईची तांब्याची भांडी आणि बाबांची पंचांगं.

जायांच्या पूजेला आई देवळात गेली आणि बाबा, तुम्ही सवयीने आगळ सरकवून न्हाणीघरात गेलात. पुढे आगळ, मागीलदारी आगळ. तुम्ही आत पडून हाका मारताय आणि बाहेर काकी आणि त्यांचा मुलगा दार ढकलतायत. शेवटी कौलं काढून तो आत उतरला. पाऊण तास. मला हे चार दिवसांनी कळलं, तेही काकींच्या तोंडून निसटलं म्हणून. रागावले नाही मी. पण त्या दिवशी संध्याकाळी मी इथे पुण्यात भेळ खात होते, ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

म्हणून हे कुलूप. बाहेरून चावीने उघडतं, आत कोणी उठू शकत नसलं तरी. एक चावी तुमच्याकडे, एक आईच्या पिशवीत, एक काकींकडे, एक माझ्याकडे. चाव्यांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि मोजून घ्या. त्यातलं कार्ड कपाटात ठेवा, चावीबरोबर नको. ही चावी बाजारातला चावीवाला कानशीने घासून करू शकत नाही, तिला यंत्र लागतं, तेव्हा हरवू नका. काम चालू असताना काकींना बसवून घ्या. आणखी काही बदलायला हवं असं तो म्हणाला तर आधी मला फोन.

मागीलदाराची आगळ राहू दे, रात्री खुशाल लावा. पुढच्या दाराची मात्र आता नाही. वरची कडीही नाही, ती लावली की बाहेरच्या चावीचा काही उपयोग नाही. न्हाणीघराची कडी तर मी काढायलाच सांगितलीय. बाबा, दार नुसतं लोटून घ्या. घरात आईच तर आहे.

तुम्हाला आगळीशिवाय झोप येणार नाही, हे मला कळतं. मलाही लहानपणी येत नसे. दिवे मालवले की तुम्ही मला काखेत धरून उचलायचात आणि ती मी सरकवायची. तुम्हीच ढकलत होता हे मला फार उशिरा कळलं. ती माळ्यावर टाकू नका, दारामागे भिंतीला टेकून उभी असू दे.

चवथीला दोन दिवस आधीच येते. गणपतीवरची माटोळी मी आणि दादा बांधू, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. आई, नेवऱ्या मी आल्यावरच कर.

तुमची,
बाय

ता. क. तुळशीमागची चावी गुरुवारपर्यंत तिथेच असणार, मला माहीत आहे. आजच काढा.