चाक आले, माती कोठून आणावी?

संपादक महोदय,

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून कुंभाराला अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते, हे चांगलेच आहे. मात्र विजेचे चाक घरात आले तरी, स्वामित्वधन (मातीसाठी सरकारला द्यावे लागणारे शुल्क) माफ असूनही, गाळमातीची गाडी वाटेत अडवली जाते, हे कोणाच्याच भाषणात येत नाही. घोड्याची लीद मिसळून माती पायांनी कितीही तुडवली, तरी आवा (भांडी भाजायची भट्टी) पेटल्यावर अवकाळीची एक सर आली की संक्रांतीची निम्मी सुगडे तडकतात. बलुते संपले, पण सुगडांसाठी सगळ्या आळ्यांतले लोक अजून आमच्याच ओट्यावर येतात (घासाघीस करतात, ते वेगळे). मते मागणारेही येतात. जातीची बेरीज करतात आणि मातीचा विषय काढला की पुढची तारीख देतात.

– एक कुंभार, सातारा जिल्हा