ज्यांची स्पर्धा लावली जाते, त्यांची गाठ पडायला हवी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कारखाना बंद होतो तेव्हा कामगाराला सांगितले जाते, की तुमचे काम दुसऱ्या देशातल्या स्वस्त मजुराने नेले. त्या दुसऱ्या देशातली बाई पगारवाढ मागते तेव्हा तिला सांगतात, की फार ताणलेत तर ऑर्डर तिसऱ्या देशात जाईल. तिसऱ्या देशाचे सरकार कामाचे तास वाढवणारा कायदा आणते आणि कारण देते, की नाहीतर गुंतवणूक येणार नाही. या तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. तरी गेली चाळीस वर्षे एकाला दुसऱ्याची भीती घालून तिघांच्याही ताटातले काढून घेतले जात आहे.

मी बरीच वर्षे एका कामगार संघटनेच्या परदेशी पत्रव्यवहाराचे भाषांतर करते. एकदा आमच्या संघटनेने त्याच कंपनीच्या दुसऱ्या देशातल्या कारखान्यातील संघटनेला पत्र पाठवले. पत्रात घोषणा नव्हत्या, चार साधे प्रश्न होते : पाळी किती तासांची, कायम किती, कंत्राटी किती आणि जादा कामाचा दर काय. तीन आठवड्यांनी उत्तर आले. वाटाघाटीत आम्हाला सांगितले गेले होते, की तिकडच्या कामगारांनी बारा तासांची पाळी मान्य केली आहे. तिकडे त्यांना सांगितले होते, की ती आम्ही मान्य केली आहे. मान्य कोणीच केलेली नव्हती. ते उत्तर मराठीत उतरवताना माझा हात थांबला होता. नवउदारवादी, म्हणजे सरकारने हात आखडून सारे बाजारावर सोपवण्याच्या, धोरणांविरुद्ध जगभरच्या सामान्य माणसांची एकजूट म्हणजे नेमके काय, हे मला त्या पत्राने कळले, म्हणून हे लिहिते आहे.

प्रत्येक देशात ही धोरणे त्याच देशाच्या दुखण्यावरचा उपाय म्हणून सांगितली जातात. औषधाची चिठ्ठी मात्र एकच असते. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने परदेशी कर्जाचे हप्ते भरता येत नाहीत असे जाहीर केले आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँकेच्या कर्जांबरोबर एकाच धाटणीच्या अटी लॅटिन अमेरिकेतून आफ्रिकेपर्यंत गेल्या. अनुदाने कापा, सरकारी उद्योग विका, आयात खुली करा, नोकरभरती रोखा. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत सरकारी दवाखान्यात आणि प्राथमिक शाळेत शुल्क आले ते याच काळात. १९८९ मध्ये जॉन विल्यमसन या अर्थतज्ज्ञाने अशा दहा उपायांची यादी करून तिला ‘वॉशिंग्टन सहमती’ म्हटले. ज्यांच्यावर हे उपाय झाले त्यांची सहमती कोणी घेतली नव्हती.

एकट्याने ‘नाही’ म्हणणाऱ्याचे बळ किती अपुरे पडते, हे बुर्किना फासोचे अध्यक्ष थॉमस संकारा यांना नीट ठाऊक होते. २९ जुलै १९८७ रोजी अदिस अबाबात आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांसमोर बोलताना त्यांनी कर्ज न फेडण्याची भूमिका सर्वांनी मिळून घ्यावी असे आवाहन केले. माझा देश एकटाच नाही म्हणाला तर पुढच्या परिषदेला मी नसेन, असेही ते म्हणाले. १५ ऑक्टोबरला उठावात त्यांची हत्या झाली. त्यामागे देशांतर्गत सत्तासंघर्षही होता, हे खरे. पण त्यांनी मागितलेली एकजूट त्या सभागृहात उभी राहिली नव्हती, हेही तितकेच खरे. ग्रीसमध्ये ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. बँका बंद होत्या, युरोपातली बहुतेक सरकारे पाठीशी नव्हती. जवळपास आठवडाभरात ग्रीसच्या सरकारने कडक अटी मान्य केल्या. मतपेटीतला नकार देशाच्या सीमेवर संपला.

म्हणजे एकजूट सरकारांच्या खालून बांधावी लागते. ती बांधता येते, याचे दाखले आहेत आणि ते माझ्या मते पुरेसे सांगितले जात नाहीत.

१९९५ पासून पॅरिसला ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेत सदस्य देश एका बहुपक्षीय गुंतवणूक कराराची बोलणी करत होते. परदेशी गुंतवणूकदाराला सरकारवर थेट दावा लावता येईल, अशी त्यातली कलमे होती. १९९७ मध्ये मसुदा फुटला, इंटरनेटवर आला, आणि कॅनडापासून फ्रान्सपर्यंतच्या संघटनांनी तो वाचून काढला. कलमाचा अर्थ काय, आपल्या नगरपालिकेवर आणि पर्यावरणाच्या कायद्यावर त्याचा परिणाम काय, हे लोकांच्या भाषेत लिहून वाटले गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये फ्रान्सने अंग काढून घेतले आणि वर्ष संपण्याआधी करार बारगळला. एक कागद वेळेत वाचला गेला, यातून केवढे घडले!

बोलिव्हियातल्या कोचाबांबाची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. १९९९ मध्ये त्या शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला. तिच्यात बेक्टेल या अमेरिकी कंपनीच्या गटाचा मोठा वाटा होता. २००० च्या सुरुवातीला पाणीपट्टी एकदम वाढली. गावकऱ्यांनी स्वतः खणलेल्या विहिरी आणि स्वतः उभ्या केलेल्या पाणीयोजनाही नव्या कायद्याच्या कचाट्यात येऊ लागल्या. कारखान्यातले कामगार, सिंचनावर अवलंबून असलेले शेतकरी आणि वस्त्यांमधल्या पाणी समित्या एकत्र आल्या. त्यांच्या समन्वय समितीचे प्रवक्ते ऑस्कर ऑलिव्हेरा हे बुटांच्या कारखान्यातले कामगार. लष्कर उतरले, सतरा वर्षांचा एक मुलगा गोळीने गेला. एप्रिल २००० मध्ये सरकारने करार रद्द केला.

लढाई इथे संपली, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. खरे तर दुसरी लढाई इथे सुरू झाली. कंपनीने नेदरलँड्समधल्या नोंदणीचा आधार घेतला, त्या देशाच्या बोलिव्हियाशी असलेल्या गुंतवणूक कराराकडे बोट दाखवले आणि जागतिक बँकेच्या छत्राखालच्या लवादात भरपाईचा दावा ठोकला. सुनावणी बंद दाराआड. ज्यांच्या नळाचा प्रश्न, त्यांना आत प्रवेश नाही. कोचाबांबाचे लोक तिथे एकटे काहीच करू शकले नसते. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत कंपनीच्या मुख्यालयासमोर निदर्शने झाली, नेदरलँड्समध्ये संघटना उभ्या राहिल्या, आणि अनेक देशांतल्या तीनशेहून अधिक संघटनांनी कामकाज खुले करा असा अर्ज लवादाकडे केला. जानेवारी २००६ मध्ये कंपन्यांनी दोन बोलिव्हियानो या नाममात्र रकमेवर दावा सोडून दिला. दोन बोलिव्हियानो म्हणजे शब्दशः दोन नाणी. अँडीजच्या कुशीतल्या शहराचा खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर लढला गेला, कारण निर्णय तिथे होत होते. एकजुटीचा पत्ता कुठला, हे यावरून कळते. कोचाबांबाच्या पाण्याचे सगळे प्रश्न त्याने सुटले नाहीत. पुन्हा सार्वजनिक झालेली पाणीसंस्था पुढेही अपुऱ्या पैशाने आणि गैरकारभाराने अडखळत राहिली, आणि हे लपवू नये.

आता एका अवघड प्रश्नाबद्दल. श्रीमंत आणि गरीब देशांतल्या कामगारांचे हित खरोखर एक आहे का? नव्वदच्या दशकात व्यापार करारांत कामगार हक्कांचे कलम घालावे अशी मागणी श्रीमंत देशांतून आली, तेव्हा विकसनशील देशांतल्या सरकारांनीच नव्हे तर अनेक कामगार संघटनांनीही तिला विरोध केला. आमच्या मालाला दार बंद करण्याची ही नवी युक्ती आहे, असा त्यांचा संशय होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेने हा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे ढकलून मोकळे होणे पसंत केले. वरून लादलेल्या कलमाने विश्वास तयार होत नाही.

तो कशाने होतो, याचे उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळाले. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला भेगा दिसल्या. खालची बँक आणि दुकाने बंद झाली, पण वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावले. २४ एप्रिलला इमारत कोसळली, ११०० हून अधिक माणसे गेली. त्या इमारतीतल्या कारखान्यांत ब्रँड्सच्या वतीने तपासण्याही होऊन गेल्या होत्या. मे महिन्यात बांगलादेशातल्या संघटना आणि जागतिक कामगार महासंघ यांनी मिळून ब्रँड्सना सही करायला लावलेला करार यापेक्षा वेगळा होता, कारण तो कायद्याने बंधनकारक होता. तपासणीचे अहवाल खुले, असुरक्षित ठिकाणी काम नाकारण्याचा कामगाराला हक्क, दुरुस्तीच्या खर्चाची जबाबदारी आणि मोडल्यास लवाद. दोन ब्रँड्सविरुद्धचे दावे खरोखर हेगच्या लवादापुढे गेले आणि तडजोडीत दुरुस्तीसाठी पैसे मोजावे लागले. सोळाशेहून अधिक कारखाने तपासले गेले. मागणी ढाक्याच्या कामगारांची, दबाव युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसमोर. करार सुरक्षेपुरता होता, मजुरीला त्याने हात लावला नाही, ही त्यातली मोठी उणीव. तरीही दयेच्या मदतीपेक्षा तो मला शंभर पटींनी मोलाचा वाटतो.

हरलेल्या लढ्यांचीही आठवण ठेवावी. १९९५ मध्ये लिव्हरपूलच्या सुमारे पाचशे गोदी कामगारांना काढून टाकले. स्वतःच्या देशातला कायदा त्यांच्या विरोधात होता, म्हणून त्यांनी जगभरच्या गोद्यांना हाक दिली. १९९७ मध्ये ‘नेपच्यून जेड’ हे जहाज अमेरिकेतल्या ओकलंडला आले तेव्हा तिथल्या कामगारांनी निदर्शकांची फळी ओलांडून माल उतरवायला नकार दिला, पुढे व्हँकुव्हरमध्ये आणि जपानमध्येही तेच झाले. एक जहाज समुद्रभर फिरत राहिले, कारण हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसांनी ते आपले भांडण मानले. जानेवारी १९९८ मध्ये लिव्हरपूलचा लढा थांबला, नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. कंटेनर हाताळायला यंत्रे आणणारे, कंत्राटावर माणसे घेणारे व्यवस्थापन सगळ्या बंदरांत एकाच वेगाने पुढे गेले होते आणि संघटना मात्र हाक आल्यावर जाग्या झाल्या होत्या. संकट आल्यावर ओळख करून घ्यायची म्हटली तर उशीर झालेला असतो.

म्हणूनच मोठ्या परिषदांबद्दल माझे मन थोडे साशंक आहे. सिएटलमध्ये १९९९ ला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध जी निदर्शने झाली त्यांनी अनेकांना बळ दिले. २००१ मध्ये पोर्तो अलेग्रेला सुरू झालेला जागतिक सामाजिक मंच २००४ मध्ये मुंबईत भरला, तेव्हा दलित, आदिवासी आणि कष्टकरी संघटनांनी त्याचा चेहरा बदलून टाकला. पण मंडप उतरल्यावर पत्रव्यवहार कोण चालू ठेवणार? विमानाचे तिकीट देणगीदाराने काढले असेल, तर देणगी आटल्यावर मैत्रीही आटते. या बाबतीत ‘व्हिया कँपेसिना’ या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेकडून शिकावे. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये ती स्थापन झाली, आणि तिचे मुख्य कार्यालय होंडुरास, इंडोनेशिया, झिंबाब्वे असे फिरत राहिले. शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१८ रोजी मंजूर केला, त्यामागे जवळपास दोन दशकांची चिकाटी होती. वर्गणी, बैठक, इतिवृत्त, भाषांतर, उत्तर. कंटाळवाणी वाटणारी ही कामे ज्यांनी केली, त्यांचीच एकजूट टिकली.

या कामाला घाई आहे. नोकरी गेलेल्या माणसाचा राग खरा असतो, आणि त्या रागाला परक्याचा चेहरा देणारे राजकारण जगभर जोरात आहे. ते म्हणते, बाहेरचा आला आणि तुझे गेले. त्याला आकडेवारीने उत्तर देऊन भागत नाही. त्या ‘बाहेरच्या’ माणसाचे पत्र हातात पडले, त्यातही तीच पाळी, तोच ठेकेदार, तीच धमकी दिसली, तर गोष्ट बदलते. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही-बाधितांच्या संघटनेने आपल्या सभासदांना औषधांचे शास्त्र आणि पेटंटचा कायदा स्वतः शिकवला. औषधे स्वस्त करू पाहणाऱ्या कायद्यावरून ३९ औषध कंपन्यांनी सरकारवर लावलेला खटला एप्रिल २००१ मध्ये मागे घेतला गेला, त्यामागे या शिकलेल्या रुग्णांचे आणि त्यांच्या बाजूने अनेक देशांत उभ्या राहिलेल्या लोकांचे बळ होते. माणसे कलमे वाचू शकतात. ती त्यांच्या भाषेत मिळाली पाहिजेत.

संपादक महोदय, माझी आपल्याकडे एक विनंती आहे. कोणत्याही व्यापार किंवा गुंतवणूक कराराची बातमी देताना स्वाक्षरीच्या छायाचित्राबरोबर त्या करारातली तंटा सोडवण्याची, पेटंटची आणि सरकारी खरेदीची कलमे मराठीत छापावीत. आणि करार ज्या देशाशी होत आहे, तिथल्या कामगार आणि शेतकरी संघटनांचे त्यावर म्हणणे काय, हेही त्याच पानावर द्यावे. भाषांतराचे काम मी विनामोबदला करेन, आणि माझ्यासारखे आणखी काही जण आहेत. पहिला मसुदा आला की कळवावे.

आपली नम्र,
एक वाचक