मुदतवाढीने आंबा टिकत नाही

संपादक महोदय,

करोनाकाळात निर्यातदारांना सरकारने काय दिले, हा विषय निघाला की रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२० चा निर्णय हमखास पुढे केला जातो. ३१ जुलैपर्यंत निर्यात झालेल्या मालाचे पैसे देशात आणायची मुदत ९ वरून १५ महिने झाली. यंत्रमालाला ती उपयोगी पडली. पण झाडावरून उतरलेला हापूस कोणत्याही परिपत्रकासाठी थांबत नाही.

अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला, फळातली कीड पसरू नये म्हणून, किमान ४०० ग्रे (किरणोत्साराचे एकक) विकिरण मात्रा द्यावी लागते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे हे काम अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकासमोरच व्हायला हवे होते. प्रवासबंदीमुळे निरीक्षक आले नाहीत. वाशी, लासलगावची विकिरण यंत्रे जागेवर, फळ तयार, गिऱ्हाईकही हजर. तरी २०२० आणि २०२१ चे हंगाम कोरडे गेले. देखरेख भारताकडे सोपवण्याचे ठरले, तेव्हा कुठे २०२२ मध्ये आंबा निघाला. हीच तरतूद आधीपासून करारात असती तर? युरोपीय संघाने मार्च २०२० अखेर माल कीडमुक्त असल्याच्या प्रमाणपत्रांच्या स्कॅन प्रती तात्पुरत्या चालवून घेतल्या, मूळ कागद मागाहून. अशी सोय प्रत्येक आयातदार देशाशी साथ नसतानाच लिहून घ्यावी.

दुसरी अडचण भाड्याची. युरोप-अमेरिकेचा हापूस बहुतांशी प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. ती विमाने थांबली की मालवाहू विमान हाच मार्ग उरतो आणि भाडे कडाडते. द्राक्षाचे तसे नाही. बुरशी रोखणारे गंधकाचे पॅड घालून शून्य अंशाच्या आसपास ठेवले तर ते समुद्रमार्गे तीन-चार आठवडे निभावते. हापूस मात्र १३ अंशांच्या बराच खाली नेला की सालीवर डाग पडतात आणि फळ नीट पिकत नाही.

भाड्याला हातभार लावणारी केंद्राची वाहतूक व विपणन साहाय्य योजना तेव्हा होती. पण दावा तिमाही संपल्यावर, तोही परदेशातून पैसे आल्यानंतर. म्हणजे ग्राहकाने वाढीव १५ महिन्यांचा फायदा घेतला की भाड्याची मदतही तितकीच लांबली. एका सवलतीने दुसरीचा पाय ओढला, असा हा प्रकार. आणीबाणी जाहीर होताच शिपिंग बिलावरच (माल पाठवताना सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या कागदावर) निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, उरलेली वसुलीनंतर.

आणि पॅकहाऊसचे (फळ निवडून भरण्याच्या केंद्राचे) मजूर, कीड-रोग तपासणारे वनस्पती संगरोध अधिकारी, कीटकनाशकांच्या अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळा, रीफर (शीत) कंटेनरचे चालक यांची नावे अत्यावश्यक सेवेच्या पहिल्याच यादीत हवीत. मागाहून निघणाऱ्या शुद्धिपत्रकात नव्हे.

– आंबा निर्यातीशी संबंधित वाचक, रत्नागिरी