खाणीच्या नोंदवह्या खुल्या करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खाणकंपन्या आणि संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकास उद्दिष्टे या विषयावरचा आपल्या वृत्तपत्रातला लेख वाचला. कंपन्यांनी बांधलेल्या शाळा, चालवलेले दवाखाने, लावलेली झाडे, महिलांसाठीचे प्रशिक्षण वर्ग यांची त्यात चांगली माहिती आहे. ही कामे मोलाची आहेत आणि ती मनापासून करणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. तरीही लेख संपला तेव्हा एक गोष्ट खटकली. त्यात खाणच कुठे नव्हती.

माझी सगळी नोकरी खाणीत झाली. त्यातली बरीच वर्षे टेलिंग्ज डॅमवर गेली. खनिज काढून घेतल्यावर जो बारीक, पातळ गाळ उरतो तो साठवण्यासाठी हे धरण बांधतात. तांब्याच्या मोठ्या उघड्या खाणींत टनभर दगडातून अनेकदा दहा किलोसुद्धा तांबे निघत नाही. बाकी सगळा गाळ. तो कुठेतरी ठेवावा लागतो आणि खाण बंद झाल्यावरही तो तिथेच राहतो. शाश्वत विकासाबद्दल बोलायचे तर बोलणे इथून सुरू व्हायला हवे, असे मला वाटते.

या धरणाच्या पोटात किती पाणी साठले आहे ते मोजणे हे माझे काम. त्यासाठी भिंतीत ठिकठिकाणी पिझोमीटर बसवलेले असतात. साधा पिझोमीटर म्हणजे खालच्या टोकाला बारीक फटी असलेला एक उभा नळ. त्यात टोकाला धातूची कांडी असलेली टेप सोडायची. कांडी पाण्याला टेकली की वर रिळातला बझर वाजतो. टेपवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पुढच्या नळाकडे जायचे. आकडा दर आठवड्याला कमी होत गेला, म्हणजे पाणी नळात वर वर येऊ लागले, तर भिंत आतून भरते आहे असे समजायचे. भिंतीच्या पायथ्याशी थोडे पाणी झिरपतच असते. ते नितळ असेल तर फारशी काळजी नसते. गढूळ येऊ लागले, तर पाण्याबरोबर आतली माती वाहून चालली आहे. मग त्याच दिवशी वरिष्ठांना गाठायचे. वर गाळावर साठलेल्या तळ्याचे पाणी भिंतीपासून किती लांब आहे, हेही रोज पाहायचे. भिंतीलगत कोरड्या गाळाचा रुंद पट्टा राहिलाच पाहिजे.

हे इतके तपशिलात लिहिण्याचे कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी ही १७ शाश्वत विकास उद्दिष्टे मंजूर केली. त्यानंतर सहा आठवडेही पूर्ण झाले नव्हते, तोच ५ नोव्हेंबर २०१५ रोजी ब्राझीलमध्ये मारियानाजवळचे फुंदाव धरण फुटले. ते सामार्को कंपनीचे. ही कंपनी वाले आणि बीएचपी यांच्या भागीदारीतली, आणि या दोन्ही जगातल्या सर्वांत मोठ्या खाणकंपन्यांपैकी. १९ माणसे गेली, बेंतो रोद्रिगेस हे गाव गाळाखाली गेले आणि तो गाळ दोसे नदीतून सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत अटलांटिक महासागराला मिळाला. स्वच्छ पाणी, समुद्रातले जीवन, जमिनीवरचे जीवन, सुरक्षित वस्ती, सन्मानाचे काम, एवढ्या उद्दिष्टांवर एकाच दुपारी पाणी फिरले. कितीही शाळा बांधल्या तरी ते भरून निघणारे नव्हते.

त्यानंतर सव्वातीन वर्षांनी, २५ जानेवारी २०१९ रोजी, त्याच राज्यात ब्रुमाजिन्यो येथे वालेचे दुसरे धरण फुटले. या वेळी २७० माणसे मेली. बरेच जण कंपनीचेच कामगार होते. त्यांचे उपाहारगृह आणि कार्यालय धरणाच्या खालच्या बाजूला होते आणि वेळ जेवणाची होती. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. धरण स्थिर असल्याचे प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीच मिळालेले होते. ही धरणे ज्या पद्धतीने उंचावली होती, तिच्यात भिंतीचा नवा थर आधीच्या गाळावरच उभा करतात. पद्धत स्वस्त आहे, पण आतला गाळ ओला राहिला तर धोका मोठा. समुद्राकाठच्या ओल्या वाळूवर पाय आपटत राहिले की ती जशी पातळ होऊन सरकते, तसा हा गाळ एका क्षणात पातळ होतो. ब्रुमाजिन्योचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. भिंत कोसळते असे त्यात दिसत नाही, सगळी भिंत एकदम वाहू लागते. मी तो एकदाच पाहिला.

पुढे जे झाले ते लोकांपर्यंत फारसे पोहोचले नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. खाणकंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या पेन्शन फंडांनी हा विषय हातात घेतला. चर्च ऑफ इंग्लंडचे पेन्शन मंडळ आणि स्वीडनचे सार्वजनिक पेन्शन फंड त्यात पुढे होते. त्यांनी जगभरच्या सुमारे सातशे कंपन्यांना २०१९ मध्येच पत्रे लिहून विचारले, की तुमची गाळाची धरणे कुठे आहेत, किती उंच आहेत, कशी बांधली आहेत, त्यांत कधी काही बिघडले होते का? अनेक कंपन्यांनी उत्तरे दिली आणि जानेवारी २०२० मध्ये ती सर्वांना पाहता येतील अशी इंटरनेटवर खुली झाली. ऑगस्ट २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, गुंतवणूकदारांची संघटना आणि खाणकंपन्यांची आंतरराष्ट्रीय परिषद यांनी मिळून गाळाच्या धरणांसाठी जागतिक मानक जाहीर केले. त्यात माहिती लोकांसमोर ठेवण्याची अट आहे. वर्षानुवर्षे जी माहिती ‘तांत्रिक आणि गोपनीय’ म्हणून कपाटात होती, ती कोणीतरी नेटाने मागितल्यावर काही महिन्यांत बाहेर आली. सगळी आली असे नव्हे, पण वाट मोकळी झाली.

मी जिथे काम केले त्या कंपनीचा शाश्वत विकासाचा वार्षिक अहवाल दरवर्षी आमच्या हाती येई. कागद गुळगुळीत, छपाई सुंदर. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात उद्दिष्टाचा रंगीत चौकोन, खाली हसऱ्या मुलांचा फोटो. माझ्या वहीतला एकही आकडा त्यात कधी आला नाही. धुळीच्या वहीतलाही नाही, सांडपाण्याच्या वहीतलाही नाही. मी एकदा वरिष्ठांना कारण विचारले. ‘लोकांना त्यातले कळणार नाही’ असे उत्तर मिळाले. मला ते तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. आपल्या घराच्या वरच्या अंगाला उभ्या असलेल्या भिंतीत पाणी चढते आहे की उतरते आहे, हे कोणालाही कळते.

धुळीचेही तेच. दगडात छिद्रे पाडताना उडणारी जी धूळ डोळ्यांना दिसते, तिच्यापेक्षा न दिसणारी वाईट. दगडातल्या सिलिका या खनिजाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. नोकरी सुटली तरी तो वाढत राहतो. मोजण्याची पद्धत मात्र सोपी आहे. कामगाराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ फिल्टर. पाळी संपली की फिल्टर सूक्ष्म तराजूवर तोलायचा आणि प्रयोगशाळेत सिलिकाचे प्रमाण काढायचे. उपायही जुनाच आहे, छिद्र पाडताना पाण्याचा मारा करायचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ मध्येच सिलिकोसिसच्या उच्चाटनाचा कार्यक्रम आखला आणि मुदत २०३० ठेवली. शाश्वत विकास उद्दिष्टांची मुदतही तीच. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींतल्या आजारी कामगारांचा दावा २०१८ मध्ये मिटला. सहा कंपन्यांनी किमान ५०० कोटी रँडची भरपाई मान्य केली आणि त्यात १९६५ पासूनचे कामगार धरले गेले. तोवर त्यांतले कितीतरी जण हयात नव्हते. चांगल्या आरोग्याचे उद्दिष्ट मानणाऱ्या कंपनीने गावात एक आरोग्य शिबिर कमी घेतले तरी चालेल. तिच्या ड्रिलवर पाणी चालू आहे का, हे मात्र आधी दाखवावे.

मी खाणकामाच्या विरोधात आहे असा समज कृपया करून घेऊ नये. सौर पॅनेल, पवनचक्क्या, बॅटऱ्या, विजेच्या तारा, यांतले काहीही तांबे, लिथियम, कोबाल्ट, निकेल यांवाचून होत नाही. तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवायची असेल तर २०५० पर्यंत या कामांसाठी ३०० कोटी टनांहून अधिक खनिजे आणि धातू लागतील, असा जागतिक बँकेचा २०२० चा अंदाज आहे. खाणी वाढणार आहेत. म्हणूनच त्या कशा चालतात याची एवढी काळजी वाटते.

आणि चांगल्या चालवता येतात, याचे दाखले आहेत. दक्षिण आफ्रिकेत एमालाहलेनी येथे कोळशाच्या खाणींत साठणारे दूषित पाणी शुद्ध करून २००७ पासून पिण्यासाठी शहराला दिले जाते. बोट्स्वानात एड्सने कहर केला होता तेव्हा डेब्स्वाना या हिऱ्यांच्या कंपनीने २००१ मध्ये आपल्या कामगारांना एचआयव्हीवरची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीने तसा निर्णय घेतला. तेव्हा १७ उद्दिष्टांचा मागमूसही नव्हता. या कामांत मला महत्त्वाचे वाटते ते असे, की प्रश्न खाणीचाच होता आणि उत्तरही खाणीनेच दिले. आपले दूषित पाणी, आपले आजारी कामगार. दान नव्हते ते.

खाण बंद झाल्यावरचा हिशेब तर कोणी विचारतच नाही. गंधकयुक्त खनिजे उघडी पडून हवा-पाण्याच्या संपर्कात आली की आम्ल तयार होते, ते धातू विरघळवते आणि हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहते. कॅनडातली ब्रिटानिया ही तांब्याची खाण १९७४ मध्ये बंद झाली. तिथले तांबेमिश्रित आम्लपाणी समुद्राच्या खाडीत जातच राहिले. शुद्धीकरण केंद्र सुरू झाले २००५ मध्ये. त्यानंतर तिथे मासे परतू लागले, ही आनंदाची गोष्ट. पण मधली तीस वर्षे गेली, आणि ते केंद्र पुढेही चालवत राहावे लागणार.

कायद्याची परवानगी आहे, एवढ्यावरही समाधान मानता येत नाही. ऑस्ट्रेलियात मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीने जुकान खिंडीतल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. सुमारे ४६ हजार वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराच्या खुणा तिथे होत्या आणि पुटु कुंटी कुरामा व पिनिकुरा या आदिवासींना ती जागा पवित्र होती. कंपनीकडे कायदेशीर परवानगी होती. कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. गुहा गेल्या त्या गेल्याच.

२०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, जागतिक आर्थिक मंच आणि इतर संस्थांनी खाणकामाचा सतराही उद्दिष्टांशी कसा संबंध येतो हे सविस्तर मांडले होते. काम अभ्यासपूर्ण आहे. अडचण वापराची आहे. सतरांपैकी सोयीची चार-पाच निवडून त्यांवर फोटो छापायला कोणालाही मोकळीक आहे, आणि अवघड जागेचे उद्दिष्ट वगळले तर जाब विचारणारे कोणी नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे. यापुढे एखाद्या खाणकंपनीच्या शाश्वत विकासाच्या कामावर लेख येईल, तेव्हा आपल्या बातमीदारांनी कंपनीकडे गेल्या वर्षभरातल्या पिझोमीटरच्या नोंदी मागाव्यात. कामगारांच्या कॉलरवरच्या धुळीची मोजमापे मागावीत, खाणीबाहेर सोडलेल्या पाण्याचे तपासणी अहवाल मागावेत, आणि खाण बंद करण्यासाठी किती रक्कम वेगळी काढली आहे व ती कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारावे. धोका दिसल्यावर काम सोडून बाहेर पडण्याचा कामगारांचा हक्क आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९५ च्या खाण सुरक्षा करारात नोंदलेला आहे. तो हक्क कोणी बजावला का आणि त्याचे पुढे काय झाले, हेही कामगारांनाच भेटून विचारावे. यातले काहीही नव्याने मोजावे लागणार नाही. नीट चालणाऱ्या प्रत्येक खाणीत या वह्या असतातच, माझ्यासारखी माणसे त्या रोज भरतात. कंपनीने आकडे दिले तर शाळेच्या फोटोशेजारी ते छापावेत. दिले नाहीत तर ‘मागितले, मिळाले नाहीत’ एवढी ओळ तरी त्या जागी छापावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त खाण कर्मचारी